भिंतीपलीकडची चाल

ह्यांच्या घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज जाईल. आयुष्य किती, ते नंतर पाहू. मी कागदावर उतरवून घेतलं: औषधं, ड्रेसिंग, गळ्यावरच्या छिद्राची सफाई, पातळ पेज. कामांची यादी केली की मला धीर येतो. आवाज गेल्यावर घरात काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात नवा फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला अर्धवट इमारती, खिडकीत सिमेंटची धूळ, आणि भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरची शिट्टी आपलीच वाटावी. ह्यांच्या घराण्यात एक रीत होती. ह्यांच्या आत्यानं रचलेलं, कुठेही न छापलेलं एक भजन रोज सकाळी म्हणायचं. मगच देवाला नैवेद्य, आणि त्यानंतरच घरात घास. त्यात मोठं काही नव्हतं. ओला उंबरठा, दुधावरची साय, भाताची पहिली वाफ, दोरीवर वाळणारा सदरा, या सगळ्यांतून देवा तू आलास, एवढंच. मी ते इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून पोळ्या लाटताना ऐकलं, म्हणजे खरं तर ऐकलंच नाही.

घरी आल्यावर ह्यांनी खाणं सोडलं. पेजेची वाटी पुढे केली की तोंड फिरवायचे आणि पाटीवर लिहायचे, ‘नको.’ पोटात काही गेलं नाही तर टिकणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हात जोडून नैवेद्य उरकत होते आणि वाटी घेऊन बसत होते. एकदा चिडून म्हटलं, “मग मी तरी सकाळी कशासाठी उठू?” ह्यांनी देवघराकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. तेव्हा कळलं. भजन झालं नव्हतं, म्हणून ह्यांच्या लेखी नैवेद्य पोचलाच नव्हता. मी म्हणायला बसले. दुसऱ्याच ओळीला सूर गेला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, माझ्याच्यानं आता होत नाही, तुझं तू बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ते भजन आलं. शब्द नव्हते, नुसती चाल, एका म्हाताऱ्या बाईच्या कापऱ्या आवाजात. ह्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. एका वळणावर चाल चुकली, तसं ह्यांनी बोटानं ठक केलं. पलीकडे शांतता. मग तीच ओळ पुन्हा आली, या वेळी बरोबर. भजन संपल्यावर मी नैवेद्य दाखवला आणि ह्यांनी स्वतःहून वाटीकडे हात केला. चमच्यातल्या पेजेवर वाफ होती. रोजच असणार, मी पाहिली त्या दिवशी.

दुपारी शेजारच्या पंजाबी आजी आल्या. सोसायटीत सगळे त्यांना बीजी म्हणत. मुलं परदेशात, त्या एकट्या. आमची ओळख लिफ्टपुरती.

“बेटी, साहब की आवाज़ नहीं आती आजकल. मैं तो उसी से उठती थी. सोचा, आज मैं ही गा दूँ.”

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्या ह्यांच्याकडे वळल्या. “अच्छा, तो मास्टरजी आप हैं? ज़रा धीरे ठोका करो, मेरा पलस्तर झड़ता है.”

हे हसले. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले.

त्यानंतर बीजी रोज गायच्या आणि हे रोज थोडं खायचे. त्या एका वळणावर त्या रोज चुकायच्या. पुढे पुढे मला शंका येऊ लागली की मुद्दाम चुकतात.

हे वाचले नाहीत. होळीच्या आधी गेले. शेवटच्या दिवसांचे हाल मी लिहीत नाही. पण गेले ते उपाशी गेले नाहीत. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मी हात टेकले आणि दुसऱ्या सकाळी मदत आली; तिच्यासाठी मी काहीही केलं नव्हतं. सगळं आपणच पार पाडायचं असतं, हा माझा समज तेव्हा सुटला. त्या उपकाराला माझ्याकडे फक्त नमस्कार आहे.

तेराव्यानंतर मी देवघरात पुन्हा दिवा लावला, भात ठेवला आणि नुसती बसून राहिले. पलीकडून चाल सुरू झाली. त्याच वळणावर चुकली आणि थांबली. बीजी वाट पाहत होत्या. भातावरची वाफ अजून वर जात होती.

मी उठले आणि भिंतीवर हळूच ठक केलं.