रिळाच्या पोटातला पीळ

कुंभकोणमचे व्यासराज पस्तीस वर्षं रेशमाला पीळ घालत आहेत. तिरुभुवनमच्या रस्त्यावर त्यांचा कारखाना, म्हणजे दोन यंत्रं, कामाला रुक्मिणीबाई आणि अखंड बडबडणारे व्यासराज स्वतः. दोरा चिमटीत धरला की इंचाला पीळ किती ते सांगतात. कधी चुकले नाहीत, असं निदान त्यांचं म्हणणं आहे. मजेत आहे गडी!

दिवाळीला लेक अक्षया आली ती तोंड पाडूनच. ती अतिवाहक तारांवर पीएच.डी. करते. भयंकर थंड केली की या तारेतून वीज जराही वाया न जाता वाहते. पण दिशा बदलत राहणारा प्रवाह सोडला, की तार तापते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून तांब्याच्या तारेत अतिवाहक धातूचे केसाहून बारीक शेकडो तंतू घालतात आणि त्यांना पीळ देतात. पीळ सैल असला, तर तंतू आपापसांत वीज फिरवत बसतात आणि तार तापवतात. अक्षयाच्या गणिताप्रमाणे तिची तार टिकायला हवी होती. ती निम्म्या प्रवाहातच हाय खात होती. महिन्याभरात कारण सापडलं नाही, तर तीन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं.

“अप्पा, माजें गणितच चुकलें,” ती घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली.

“पीळ मोजलास?”

“मोजला की! तारेच्या रिळाचीं दोन्ही टोकें कापलीं, आम्लांत तांबें विरघळवून तंतू उघडे केले. पीळ बरोबर आहे.”

व्यासराज खो खो हसले. “यंत्र सुरू करतां माणूस उभा असतो, बंद करायला परत येतो. मध्यें कोण पाहतो? पोटांतला पीळ पाहा.”

“मध्यें कापली तर अख्खें रीळ फुकट! एकच आहे, अप्पा. आणि तें रेशीम नव्हे.”

“पिळणारा माणूसच ना?”

अक्षया फुरंगटून गेली. तीन आठवडे फोन नाही. आपण भलतंच बोलून पोरीचं रीळ घालवलं की काय, या धास्तीने व्यासराजांची बडबड आटली. यंत्रं चालू असूनही रुक्मिणीबाईंना कारखाना सुनासुना वाटू लागला.

मग एका दुपारी फोन आला.

“अप्पा, कापलें! मधला पीळ निम्माच निघाला. तो धरून माजें गणित बरोबर जालें! प्रबंधांत तुमचें नांव घालतें. हुद्दा काय लिहूं?”

व्यासराजांनी फोन तसाच रुक्मिणीबाईंच्या हातात दिला आणि यंत्राकडे तोंड फिरवलं.

“अक्षया,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “थोडें थांब, माय. अप्पांस रडूं आलें आहे.”