आप्पांचा एक नीट फोटो

आप्पा गेल्याच्या बातमीला मी अंगठा दिला. सकाळची वेळ, शिरूरहून रांजणगावला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांच्या नंबरावरून एक चित्र आलं. ग्रुपचा रिवाजच असा, की कुणाचाही फोटो आला की न उघडता अंगठा द्यायचा, म्हणजे आपल्या फोटोला त्याचा मिळतो. माझा पाहून मागोमाग आणखी चौघांनी दिला. गेटवर उतरताना उघडून बघतो, तर आप्पांच्या मुलानं त्यांच्याच फोनवरून टाकलेली निधनवार्ता. अंगठा काढून हात जोडले खरे, पण... आप्पा असते तर म्हणाले असते, "लेका, मेल्यावर तरी माझा फोटो उघडून बघ की!"

आप्पा खुटबावचे. घरचा ऊस, थोडी शेवंती, सोसायटीच्या निवडणुकीत पडल्याचा जुना सल, आणि साठीनंतर पोराकडून उकळलेला कॅमेरा. अंगठ्याचा रिवाज न पाळणारे ग्रुपमध्ये ते एकटेच. त्यांचा थेट फोन यायचा. एकदा मी भीमेच्या काठी चिखलात बसून सूर्योदय घेतला. ग्रुपवर अंगठेच अंगठे. मग आप्पा : "सुरेश, सूर्य बरा हाय. पण त्यो विजेचा वाकडा खांब तुझा कोण लागतो?"

"आप्पा, तो आपोआप आलाय."

"आपोआप कसा येईल? हात ठेव त्याच्यावर. झाक. आता बघ!"

फोटोवर तळहात ठेवून एकेक भाग झाकायचा. झाकल्यानं काही बिघडलं नाही, तर तो घेतलाच कशाला, ही त्यांची परीक्षा. माझे कित्येक फोटो या परीक्षेत पूर्ण झाकले गेले. स्वतःला मात्र ते सढळ हातानं पास करत. त्यांची शेवंती फोटोत अशी भडक पिवळी व्हायची, की मी एकदा विचारलं, "आप्पा, फवारणी कसली केली?" झालं, रुसले. फोन बंद. बऱ्याच दिवसांनी स्वतःच बोलले, "रंग जरा कमी केलाय. बघून सांग. आन् अंगठा देऊ नको."

सुट्टीला माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघं हिंडायचो. पाबळच्या बाजूला एकदा मेंढरांचा कळप, धूळ, तिरपं ऊन, सगळं असं जुळून आलं, की मी बटण दाबत दाबत बांधावरून धावलो... आणि कॅमेऱ्याचं कार्ड घरी लॅपटॉपमध्ये. आप्पा बांधावर बसून पोट धरून हसले. मग म्हणाले, "बरं झालं. एकदा तरी नुसत्या डोळ्यांनी बघितलंस."

दशक्रियेला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा एक नीट फोटो द्या. आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय, पण त्यात चोरी करताना धरल्यावानी दिसत्यात. नातवंडांनी ह्योच आजोबा म्हणून बघायचा का?"

"देतो की," मी ऐटीत म्हणालो. घरी येऊन डिस्क उघडली आणि घाम फुटला. करकोचे, उसाचे तुरे, दवाचे थेंब... एकाच मुंगीचे तर इतके फोटो, की तिच्या लग्नाचा अल्बम झाला असता. आणि आप्पा? कुठे सावली, कुठे कोपर, कुठे पाठ. इतकी वर्षं हा माणूस शेजारी उभा, आणि माझा कॅमेरा कायम पलीकडं वळलेला.

शेवटी एक सापडला. उजेड तपासायला सहज दाबलेलं बटण. आप्पा माझ्यावर ओरडताहेत, तोंड उघडं, एक भुवई वर, टोपी कलती, कडेला माझ्या गाडीचं हँडल. मी हौसेनं सुरकुत्या पुसल्या, चेहरा उजळला, तर आप्पा बँकेच्या जाहिरातीतले निवृत्त गृहस्थ दिसायला लागले. लाज वाटून सगळं होतं तसं केलं. स्क्रीनवर तळहात ठेवला. हँडल झाकलं, काही बिघडलं नाही. कापलं. टोपी झाकली, तर आप्पाच दिसेनात... टोपी राहू दिली.

परवा फ्रेम घेऊन खुटबावला गेलो. वहिनींनी ती दोन्ही हातांत धरली, पदरानं काच पुसली. काच स्वच्छच होती. मग म्हणाल्या, "आस्संच. जेवाया हाक मारली की आस्संच वसकायचे."

मुलानं आधार कार्डाचा फोटो उतरवून हा लावला, हार घातला. मी चार पावलं मागं सरून, हात बांधून उभा राहिलो. आयुष्यात एक फोटो जमला, असं पहिल्यांदाच वाटत होतं. वहिनी मात्र पुढं झाल्या आणि त्यांनी खालच्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं. माझ्या प्रत्येक फोटोखाली मी टाकतो, तसं तिथं माझं नाव होतं, चांगलं ठसठशीत.

"भाऊजी, हे खोडून आणा," त्या म्हणाल्या. "हाराखाली नाव वाचून लोक समजतील, तुम्हीच गेलात."