मी सही करून घेतलेलं समन्स

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला मी आणि माझा एक मित्र एका घरात राहायचो. दोघंही पुण्याचे, पण ओळख तिथलीच. त्याचं संशोधन संपत आलं होतं आणि बेस्ट नावाच्या तिथल्याच एका गावातल्या कंपनीत नोकरी जवळजवळ ठरली होती.

एका दुपारी स्टेशनजवळ त्याच्या सायकलीची किल्ली कुलपातच तुटली. कटर आणून तो साखळी कापत होता, तेवढ्यात पोलीस आले. सायकल त्याने विद्यापीठाच्या फलकावरची चिठ्ठी वाचून एका विद्यार्थ्याकडून घेतली होती. पोलिसांनी नंबर तपासला, तर ती चोरीला गेल्याची जुनी तक्रार निघाली. पावती नव्हती आणि विकणारा देश सोडून गेलेला. जबाब घेऊन त्याला सोडलं. घरी येऊन तो हसत म्हणाला, "मी चोर निघालो रे."

मग बरेच महिने काहीच झालं नाही. वडिलांच्या ऑपरेशनसाठी तो पुण्याला गेला असताना दारावर एक माणूस लिफाफा घेऊन आला. डचमध्ये काहीतरी बोलला. मी सही केली आणि लिफाफा त्याच्या टेबलावर ठेवून दिला. नगरपालिकेचं काहीतरी असेल, असं वाटलं. फोनवर सांगितलंही नाही. त्याच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हता.

तीन आठवड्यांनी परत येऊन त्याने लिफाफा उघडला. चोरीचा माल घेतल्याच्या आरोपाचं समन्स होतं.

आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "खटला भरायचा की नाही, हे इथे सरकारी वकील ठरवतात. त्याला हरकत घेता येते. मग सुनावणीआधीच न्यायाधीश बंद दाराआड बघतात, की यात काही दम आहे का. पण हरकत आठ दिवसांत घ्यावी लागते." त्यांनी कागदावरची तारीख पाहिली. "हे कोणी घेतलं?"

"मी," मी म्हणालो.

 संध्याकाळी त्याने अमेरिकेतल्या आपल्या भावाला फोन केला. स्पीकरवर भाऊ चिडून म्हणाला, "आमच्याकडे मोठ्या गुन्ह्यात आधी ग्रँड ज्युरी बसते. साधी माणसं असतात, ती ठरवतात खटला उभा राहावा की नाही." मग म्हणाला, "अर्थात, तिथे सरकारी वकीलच काय ते बोलतो. बहुतेक वेळा ती हो म्हणूनच उठतात."

कंपनीला चारित्र्याचा दाखला हवा होता. खटला उभा असल्यामुळे तो मिळेना. कंपनी दोन महिने थांबली आणि मग तिने दुसरा माणूस घेतला.

सुनावणी पंधरा मिनिटांत आटोपली. न्यायाधीशांनी विचारलं, "घेताना संशय नाही आला?"

"नाही. बाकीचे विद्यार्थी घेतात तशीच घेतली."

तो निर्दोष सुटला. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी त्याचा हात हातात घेतला, तरी त्याचा चेहरा उतरलेलाच. तो थोडा पुढे गेल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, "वेळेत हरकत घेतली असती तर?"

"सांगता येत नाही. हरकतीवर फार थोडे जण सुटतात."

त्या माझं ओझं हलकं करत होत्या, हे मला कळत होतं. पण त्या थोड्यांत तो असता की नसता, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

महिन्याभरात त्याच्या तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि नोकरीशिवाय ती वाढणार नव्हती. तो निघताना मी म्हणालो, "चुकलं माझं."

"तुला डच कुठे येत होतं," तो म्हणाला आणि बॅग उचलली. पुण्याहून त्याच्या दोन मेल आल्या. तिसऱ्या वेळी मीच लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही.