मेव्हण्याने लॅपटॉप घेतला

माझ्या बायकोच्या मामेभावाइतका छळवादी प्रामाणिक माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची माझी सोयरीक नाही एवढ्याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. या गृहस्थाने एक लॅपटॉप घ्यायला आठ महिने लावले. आठ महिन्यांत लोक घर बांधून वास्तुशांत उरकतात. याच्या आठ महिन्यांत माझ्या साठवलेल्या रजा संपल्या, कर्जत, खोपोली आणि पनवेल अशा तिन्ही ठिकाणच्या दुकानदारांनी आम्हाला ओळखून पाणी विचारणं बंद केलं, आणि पोशीरच्या आमच्या गावच्या घरात पुढच्या खोलीतल्या भिंतीवरचा एक खिळा रिकामा राहिला. खिळ्याचं पुढे सांगतोच. आधी मेव्हण्याचं सांगू द्या, कारण राग त्याचा आहे.

हा फोटोग्राफर. कर्जतच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर त्याची एक खोली आहे, तिला तो स्टुडिओ म्हणतो. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त, आणि त्या गर्दीत नाचणाऱ्या दोनशे माणसांमधून नेमका न नाचणारा माणूस हुडकून त्याचा फोटो काढायचा ही याची खोड. नवरा कुठे आहे, करवल्या कुठे आहेत, याचा पत्ता नसतो. हा मांडवाच्या मागे जाऊन वरणाच्या टोपाशी घाम पुसणाऱ्या बाईचा फोटो काढत असतो. लोक चिडतात, पुन्हा बोलावणार नाही म्हणतात, आणि अल्बम आला की तोच फोटो मोठा करून मागतात. शिवाय तो कोणालाही गोरं करत नाही. फोटोतला माणूस गोरा करणं हे फोटोवाल्याचं निम्मं काम आहे असं सगळा तालुका मानतो, याला मात्र ते पाप वाटतं. एकदा एका नवऱ्या मुलाची आत्या स्टुडिओत येऊन बसली आणि म्हणाली, नवरीला जरा उजळ कर रं, आमच्या पाहुण्यांना अल्बम दाखवायचा हाय. हा शांतपणे म्हणाला, "आत्या, तुमच्या घरात नवरी नांदनार हाय, फोटो नाय." आत्या उठून गेली आणि सोबत पुढची तीन लग्नं घेऊन गेली. याला त्याचं काही नाही. मला आहे, कारण त्याच्या बायकोचं रडगाणं माझ्या घरी येऊन गायलं जातं.

आता खिळा. गेल्या वर्षी कार्तिकात, भात घरात आल्यावर चार दिवसांनी, माझे वडील गेले. तेराव्याला फोटो पाहिजे म्हणून मी याला फोन केला. हा म्हणाला, आठ दिवस द्या. आता तेराव्याला कोण आठ दिवस देतो? माझ्या चुलतभावाने मोबाइलवरचा एक फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी स्टुडिओला पाठवून संध्याकाळपर्यंत फ्रेम आणली. फ्रेम सुरेख होती. आत निळा कोट आणि लाल टाय घातलेले, दुधात धुतल्यासारखे गोरे, असे एक साहेब होते. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. त्यांचा वर्ण उन्हात राबणाऱ्या माणसाचा, भाजलेल्या मातीचा. आईने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "ह्यो कोन?" आम्ही समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "परक्या मानसाला मी हार कसा घालू रं?" फ्रेम तिने कपाटाच्या मागे ठेवून दिली. तेरावं फोटोच्या जागी सुपारी मांडून झालं, आणि भिंतीवर मारलेला खिळा तसाच राहिला. वर्षश्राद्धाला तरी तिथे तेच पाहिजेत, एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून मी शनिवार-रविवारी पोशीरला गेलो की ती आधी पाणी देते आणि मग विचारते, "झाला का फोटो?"

फोटो मेव्हण्याकडे होता. त्यानेच काढलेला, आमच्या शेजारच्या मुलीच्या हळदीत. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे, अंगात नेहमीचा मळका सदरा, कोणाकडे तरी बघून हसू दाबतायत. इतका बाबांचा फोटो दुसरा नाही. फक्त मांडवाचं कापड पिवळं, त्यातून गाळून येणारं ऊन पिवळं, कपाळाला हळद पिवळी, त्यामुळे बाबा कावीळ झाल्यासारखे दिसत होते. तो पिवळेपणा काढायचा होता, इतकंच काम. पण शिमग्याच्या सुमारास मेव्हण्याचा जुना लॅपटॉप बंद पडला. बंद पडायच्या आधीही त्याच्या पडद्यावर माणसं निळी दिसत असत, त्यामुळे काम तोवर रेंगाळलंच होतं. नवा घेऊ आणि मग करू, असं ठरलं. मी वीस वर्षं खालापूरकडच्या एका कारखान्याच्या हापिसात संगणकावर काम करतो, त्यामुळे "दाजी, तुमी बरोबर पायजे" असं तो म्हणाला तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मला बरं वाटलं. मी एका कागदावर प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क असे रकाने आखून घेतले.

तो कागद आठ महिन्यांत एकदाही उघडला गेला नाही. मेव्हणा दुकानात शिरला की पहिली गोष्ट, ट्यूबलाइट बंद करायला सांगणार. दुसरी गोष्ट, पडद्यावर कंपनीने लावलेला डोंगराचा आणि तळ्याचा देखावा काढायला लावणार. "तो परदेशातला डोंगर खरा कसा दिसतो ते मला काय ठाव? माझा मानूस दाखव," असं म्हणून खांद्यावरच्या पिशवीतून डबा काढणार, डब्यातून पेन ड्राइव्ह, आणि त्या पेन ड्राइव्हवर एकच फोटो. जे बाबा हयातीत कल्याणच्या पलीकडे गेले नाहीत, ते गेल्यावर पनवेलच्या झाडून सगळ्या दुकानांत जाऊन आले. काही पोरं तर आम्हाला बघून आपणच म्हणायची, "बाबांचा फोटो लावू ना?" खोपोलीत एकाने गेमिंगचा लॅपटॉप पुढे केला, ज्याच्या कीबोर्डखाली लाल-हिरवे दिवे पळत होते. हा म्हणाला, "मला फोटो करायचेत, डीजे लावायचा नाय." पनवेलला एका टायवाल्याने छाती पुढे काढून सांगितलं की सर, ह्या डिस्प्लेमध्ये एक अब्ज रंग आहेत. मेव्हण्याने त्याच्याकडे दयेने बघितलं. "मला एकच पायजे," तो म्हणाला.

आणि मी काय करत होतो? मी शोभेला होतो. रॅमचा विषय काढला की तो "हां हां" करायचा आणि मला म्हणायचा, "दाजी, जरा ह्यो धरून दाराशी चला, उजेडात." मग मी भर बाजारात, दुकानाच्या उंबऱ्यावर, हातात उघडा लॅपटॉप धरून उभा. "बाही वर करा, घामानं खराब होईल." मी बाही वर करायचो. "डावा हात जरा फुडं, असा पडद्याच्या बाजूला." मी हात पुढे करायचो. हा डोळे बारीक करून बघायचा, लांब जायचा, जवळ यायचा, आणि मान हलवायचा. "नाय." एवढ्याशा शब्दासाठी माझी अर्ध्या दिवसाची रजा. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला याने लॅपटॉपचं स्टँड करून ठेवलं होतं. एकदा वैतागून मी म्हटलं, मोबाइलवर अ‍ॅप आहे, बोट फिरवलं की पिवळेपणा जातो. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी बोलला तो माझ्या बायकोमार्फत.

पावसाळा गेला, गणपती गेले, घटस्थापना झाली. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. आईने विचारणं बंद केलं होतं आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. ती नुसती पाणी द्यायची. मी स्टुडिओत जाऊन सरळ भांडलो. म्हटलं, अरे, तुला लॅपटॉप घ्यायचाय की मुलगी बघायचीय? त्याने काहीतरी भलतंच विचारलं. "दाजी, औंदा कापनीला कोन हाय?" मी म्हटलं मजूर लावीन. "सोता जा," तो म्हणाला. "बाबांचं शेत हाय. पयलं वरीस हाय. आठ दिवस सोता जा, मग लॅपटॉप घेऊ. शब्द." माझा असा संताप झाला की मी जिना उतरताना दोन पायऱ्या चुकलो. पण पहिलं वर्ष हे शब्द डोक्यात राहिले. आणि मी गेलो.

आठ दिवस विळा धरला. त्या उन्हाचं वर्णन करत नाही, ज्याने भात कापलंय त्याला माहीत आहे. बाबांच्या हाताला जिथे घट्टे होते तिथे मला फोड आले. आई बांधावर भाकरी घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून परत जायची. नवव्या दिवशी मेव्हणा मोटारसायकल घेऊन शेतावर हजर. मला अंघोळ करू दिली हीच मेहरबानी. थेट खोपोलीला, त्या एका दुकानात जिथे आम्ही आधी चार वेळा जाऊन आलो होतो, तोच लॅपटॉप काढायला लावला जो त्याने आधी चार वेळा नाकारला होता. ट्यूबलाइट बंद. पेन ड्राइव्ह. दहा मिनिटं तो फोटोवर काहीबाही करत बसला. मग दाराशी उजेडात, बाही वर, हात पडद्याच्या बाजूला. त्याने खूप वेळ बघितलं. दुकानातल्या मुलीला राहवलं नाही, तिने विचारलं, "काका, तुम्ही स्क्रीन बघताय की ह्यांचा हात?"

"हात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जराही न लाजता म्हणाला, "दाजी, तुमाला लॅपटॉपमधलं काय कळतंय? मी तुमाला हाताकरता आनत होतो. बाबांचा रंग आता फक्त तुमच्या अंगावर हाय. पन हापिसात बसून पांढरा पडला होता. मला वाटायचं पडदा खोटं बोलतो, म्हनून दुकानं बदलत गेलो. मग गनपतीत उमगलं, पडदा बरोबर हाय, हात चुकलाय."

मला तिथे काय वाटलं ते सांगतो. आधी संताप आला. माझे आठ महिने, माझ्या रजा, माझे रकाने. या माणसाने मला कापडाच्या दुकानात ब्लाउजपीसला रंग जुळवायला नेतात तसं गावभर फिरवलं होतं. मी चांगलं खडसावायला तोंड उघडलं आणि माझी नजर खाली गेली. पडद्यावर बाबा खांबाला टेकून उभे होते, गालावर भाजलेल्या मातीचा तो रंग, आणि त्यांच्या शेजारी माझा हात. कुठे एक संपतंय आणि दुसरं सुरू होतंय ते कळत नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. दुकानातल्या मुलीने ट्यूबलाइट लावायला हात नेला होता, तोही तिने मागे घेतला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मेव्हणा स्वतः फ्रेम घेऊन पोशीरला आला. कोट नाही, टाय नाही, मळका सदरा, दाबलेलं हसू. कपाळावरची हळद त्याने तेवढी राहू दिली होती. आईने फ्रेम हातात घेतली. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे उभे. तिने पदराने काच पुसली, पुन्हा बघितलं आणि मला म्हणाली, "कापनीवरनं आलेत रं." मग फ्रेम खिळ्याखाली टेकवून आत गेली आणि तांब्या भरून आणून फ्रेमपुढे ठेवला. हार तिने दुसऱ्या दिवशी घातला. तिने तांब्या ठेवला तोवर मेव्हणा मागीलदारी जाऊन, कोंबड्यांचे फोटो काढत असल्याचं सोंग करत होता.

आता माघ चाललाय. हापिसातल्या पंख्याखाली माझा हात पुन्हा पांढरा पडू लागला आहे. रविवारी पोशीरला गेलो की फोटोपुढे उभा राहून मी बाही वर करून बघतो. दर खेपेला थोडं अंतर पडलेलं असतं. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, पडनारच. त्याला आता प्रिंटर घ्यायचाय आणि मी बरोबर पाहिजे, यावर आमचं काल फोनवर कडाक्याचं भांडण झालं. पण पुढच्या आश्विनातली आठ दिवसांची रजा मी साहेबांकडे आजच मागून ठेवली. अर्जात कारणाची एकच ओळ असते, तिथे मी कापणी असं लिहिलं.