भाऊ कुटे वाजायचे

भाऊ कुट्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या बास्केटबॉल क्लबचा भोंगा टेबलावर उताणा पडला होता आणि भाऊ त्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून काहीतरी शोधत होते. पंचवटीत त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगी ऋतुजा आमच्या संघात खेळायची. तिला सोडायला आले असताना त्यांनी भोंग्याची घरघर ऐकली आणि ‘‘लय साधं काम हाय, आत्ता करतो,’’ म्हणत मांडी ठोकली. काम झालं. घरघर कायमची थांबली. आवाजही कायमचा थांबला.

आता बास्केटबॉलमध्ये भोंग्यावाचून भागत नाही. चेंडू हाती आला की चोवीस सेकंदांत बास्केटकडे मारायचा. नाही मारला तर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना जातो. आमच्या घड्याळाचे लाल आकडे नीट पळत होते, पण शून्यावर येऊन गप्प बसत होते. त्याच संध्याकाळी सामना होता. मी गुणपत्रक लिहायला बसलो होतो, डोक्याला हात लावून. भाऊंनी शेजारची खुर्ची ओढली आणि घड्याळाचं बटण स्वतःकडे घेतलं.

‘‘बिघडवला मी, तर वाजतो बी मीच.’’

शून्य झालं आणि माझ्या कानाजवळ ‘भोंऽऽऽ’ असा जो आवाज फुटला, त्याने माझ्या हातातलं पेन उडालं. मैदानावरच्या दहाही मुली जागच्या जागी थिजल्या. मी कान चोळत विचारलं, ‘‘भाऊ, हे कुठून आणलंत?’’ तर म्हणाले, ‘‘सायखेड्याचं हाय ते. आमचं वावर गोदावरीच्या पल्याड. बापाला भाकरी खायला बोलवायचं म्हंजी नदीवरून आवाज टाकायला लागायचा.’’

नवा भोंगा घ्यायचं दर बैठकीत ठरायचं आणि दर बैठकीत राहून जायचं, कारण भाऊ होतेच. ते या कामाला लागले म्हणजे अगदीच लागले. सामन्याच्या दिवशी दही बंद, थंड पाणी बंद, खिशात खडीसाखर. एकदा मात्र घोटाळा झाला. मध्यंतरातली भेळ त्यांनी मध्यंतरानंतरही चालू ठेवली आणि ऐन तोंडात घास असताना घड्याळ संपलं. भाऊंनी कर्तव्यात कसूर केली नाही. भोंगा वाजला, शेव आणि चुरमुरे माझ्या गुणपत्रकभर पसरले. सर्दीच्या दिवसांत ‘भों’च्या ऐवजी नुसतंच ‘कुईं’ यायचं आणि दोन्ही संघ पोट धरून खाली बसायचे. एखादी खेळाडू रागावून म्हणायची, ‘‘काका, अजून वेळ होता!’’ त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं: ‘‘आपलं काम वाजायचं. पटवायचं नाय.’’

मग आमच्या मैदानावरच्या स्पर्धेची फायनल आली. समोर मालेगावचा संघ. त्यांच्या प्रशिक्षकांनी सराव चालू असताना भाऊंचा पहिला ‘भों’ ऐकला आणि ते धावतच पंचांकडे गेले.

‘‘सर, ये आदमी बज रहा है!’’

पंच टेबलाशी आले. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘‘वाजून दाखवा.’’ भाऊ उभे राहून वाजले. छपरावरची कबुतरं उडाली. पंच म्हणाले, ‘‘ऐकू तर येतंय. माझी हरकत नाही.’’ पण प्रशिक्षकांना तोवर कुणीतरी आणखी एक बातमी दिली होती. ‘‘और इनकी लड़की खेल रही है, सर! अपनी बेटी के टाइम पे बजेंगे क्या?’’

भाऊंचा चेहरा पडला. खडीसाखर गालात सरकवून ते म्हणाले, ‘‘साहेब, वाजताना मी कुणाचा बाप नाय.’’

दुसऱ्या कुणाची छाती तेवढी नव्हती, म्हणून भाऊच बसले. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. आम्ही एका गुणाने मागे होतो, खेळ संपत आला होता आणि चेंडू ऋतुजाकडे होता. मालेगावच्या दोघी तिच्या अंगावर आल्या. ती उजवीकडे वळली, अडली, डावीकडे वळली, पुन्हा अडली. लाल आकडे तीनवर आले, दोनवर आले. भाऊंनी श्वास भरून घेतला. त्यांचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि हा माणूस तो श्वास आतच ठेवणार, असं मला वाटून गेलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

‘‘भोंऽऽऽ!’’

चेंडू अजून ऋतुजाच्या बोटांवर होता. मग तो सुटला आणि जाळीतून अलगद खाली आला. आमचे लोक नाचायला लागले. पंचांनी हात हलवून बास्केट रद्द केली. चेंडू मालेगावला गेला आणि आम्ही हरलो.

ऋतुजा सरळ टेबलाशी आली. ‘‘पप्पा, तुम्ही वाजलात?’’

‘‘घड्याळ संपलं होतं, ऋतू.’’

‘‘मशीन असतं तर मशीनला तरी शिव्या घातल्या असत्या. तुम्हाला काय बोलू?’’ एवढं बोलून ती बॅग भरायला लागली. मालेगावच्या प्रशिक्षकांनी येऊन भाऊंना घट्ट मिठी मारली, तेव्हा तर तिने पाठच फिरवली.

घरी जाताना ती दोघं स्कूटरवर पुढे होती आणि मी माझ्या गाडीवर मागे. द्वारका चौकातल्या सिग्नलला मी त्यांच्या शेजारी थांबलो. ऋतुजा मागच्या सीटवर बापापासून जमेल तितकी लांब, तोंड फिरवून बसलेली. भाऊ हँडल धरून समोर बघत होते. सिग्नल हिरवा झाला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. आम्ही तिघंही दचकलो.

भाऊंनी हँडलवरचे दोन्ही हात वर केले, मान मागे वळवली आणि घाईघाईने म्हणाले, ‘‘ऋतू, आईशप्पथ, ह्यो मी नाय!’’

तिने ओठ दाबून धरले. पण ते फार वेळ जमलं नाही. तिचे खांदे हलायला लागले, मग तिने बापाच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि हसत हसतच त्यांना एक गुद्दा घातला. ट्रकवाला आता शिव्या देत होता. भाऊंनी त्याला सलाम केला आणि स्कूटर पुढे काढली.