मालव्याची बाजू घेताना

मिरज स्टेशनवर आई डब्यातल्या भाकऱ्या पुन्हा पुन्हा मोजत होती आणि बाबा खिडकीशी उभं राहून सूचना देत होते. गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि सूचना जन्मभर पुरतील एवढ्या. शेवटची तेवढी लक्षात राहिली. "परमुलूख आहे. कुणाच्या फार घरात शिरू नकोस, आणि कुणाला आपल्या घरात फार शिरू देऊ नकोस." नवऱ्याला इंदूरजवळ पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली होती. दोन-तीन वर्षं काढू, मग पुण्याकडे बघू, असं आम्ही ठरवलं होतं. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

मिरजेतल्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारखं घर सोडून या गावात आलेल्या मंडळींनो, हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, कारण मी दमले आहे. मालव्याची बाजू घेऊन भांडताना दमले आहे. मिरजेला आले की तुम्ही विचारता, पोह्यांवर शेव कशाला, भाजीत साखर कशाला, आणि तुझ्या पोरीचं हे कसलं मराठी? इथे नवीन आलेले तर त्याहून वरचढ. पगार इथला, घर इथलं, शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत पोट फुटेपर्यंत खाणार आणि रविवारी सोसायटीच्या कट्ट्यावर बसून या लोकांना अक्कल नाही म्हणणार. मी तोंड उघडलं की सगळे हसतात. म्हणतात, ताई आता पक्क्या इंदोरी झाल्या. झाले, तर झाले.

पण मी इतकी का चिडते, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

पहिली सहा वर्षं आम्ही मल्हारगंजात भाड्याने राहिलो. गल्ली अशी की समोरून हातगाडी आली तर माणसाने दुकानाच्या पायरीवर चढायचं. खाली मालकांचं किराणा दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मालकांच्या बायकोला सगळी गल्ली कमलाभाभी म्हणायची, मीही म्हणू लागले. त्या सांवेरकडच्या एका खेड्यातल्या. आवाज असा की शेतातून हाक मारायची सवय सुटलीच नव्हती. दार उघडं दिसलं की थेट आत यायच्या, माझ्या ओट्याशी उभ्या राहून वरणात काय कमी आहे ते सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. तिकीटही काढलं होतं. आणि सातव्या महिन्यात आई न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. वहिनी तेव्हा आलेली नव्हती, धाकटीची परीक्षा होती, बाबा एकटे आईला उचलत होते. मी जिन्यात बसून रडत होते. कमलाभाभींनी काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि खाली निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सुंठ, डिंक, तूप आणि ओवा घेऊन वर आल्या. मला काही विचारलं नाही, नवऱ्याला तर नाहीच.

चाळीस दिवस त्या बाईने मला आणि बाळाला अंग चोळून न्हाऊ घातलं. इथे बाळंतिणीला सूर्याच्या पूजेला बसवतात. त्या दिवशी तिने पिवळी ओढणी घ्यायची, आणि ती ओढणी तिच्या माहेराहूनच यावी लागते. माझं माहेर अंथरुणात पडलेलं. तर भाभींनी आपल्या भावाला सांवेरहून बसने बोलावून घेतलं. तो बिचारा शेतातली कामं टाकून ओढणी घेऊन आला, मला नमस्कार केला आणि जेवून परत गेला. त्याचं नावही मी तेव्हा विचारलं नाही.

आणि मी काय केलं? बाळ दीड महिन्याचं असताना इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी एक विनोदी लेख लिहिला, 'मालव्यात मराठी माणूस'. कडी न वाजवता घरात घुसणारी बाई, तिचं वाटी वाटी तूप, तिचा आवाज, ओढणीत गुंडाळून माझं केलेलं गाठोडं, सगळं त्यात होतं. गणपतीत दुपारच्या कार्यक्रमात तो लेख मी स्वतः वाचला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कमलाभाभी माझ्यासोबत आल्या होत्या, कारण बाळ कोण सांभाळणार? मागच्या रांगेत बाळाला मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या आणि सगळे हसले की त्याही हसत होत्या. मला वाटलं, समजत नसेल, लोकांना बघून हसतात.

महाराष्ट्रातून नवीन येणारे आपण सगळे हीच चूक करतो. रिक्षात, दुकानात, जिन्यात मराठीत मोकळेपणी बोलतो, जणू मराठी ही आपली खासगी खोली आहे. होळकरांच्या गावात आपण हे करतो! इथल्या निम्म्या गल्ल्यांनी आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे.

दुसऱ्या दिवसापासून भाभी कडी वाजवून आत येऊ लागल्या. माझ्या ते पंधरा दिवसांनी लक्षात आलं. मंडळातल्या जगतापकाकूंना मी हे सहज सांगितलं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, मल्हारगंज त्यांना पाठ. त्या म्हणाल्या, "अगं, कमलाला सगळी मराठी येते ना! नवी बहू होती तेव्हा आमच्या आत्याजवळ सिलाई शिकायला येत होती. तुला मालूमच नाही?"

मला मालूम नव्हतं. आणि मालूम झाल्यावरही मी गप्प बसले. आज बोलू, उद्या बोलू करत एकवीस वर्षं गेली. आम्ही बायपासकडे फ्लॅट घेतला, त्यांचे गुडघे गेले, दुकान बंद झालं. मी जात राहिले, त्या प्रेमाने वाढत राहिल्या. पण एक गोष्ट आमच्यात बसून होती आणि तिच्याकडे दोघीही बघत नव्हतो. त्यांचं मन मी तोडलं होतं, आणि न बोलता राहिले तर एक दिवस बोलायला त्या नसतील, ही भीती मला प्रत्येक आजारपणात वाटायची.

तो लेख मात्र जिवंत राहिला. कुणीतरी टाइप केला, खालचं नाव गळलं, आणि आता दर वर्षी तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन मलाच येतो, खाली हसून लोळणारे चेहरे. म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्याशी भांडते, त्यांच्या तोंडात माझीच वाक्यं आहेत.

या संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. ऋतुजा नावाची पुण्याहून नवीन आलेली मुलगी, कंपनीत आहे, गोड आहे, तिने मोबाइल काढला आणि "एक धमाल गोष्ट वाचते" म्हणून तोच लेख सुरू केला. बायका हसत होत्या. गाठोड्यापर्यंत आली तेव्हा मी म्हणाले, "हे मी लिहिलंय." तर टाळ्या! ऋतुजा सेल्फीच मागायला लागली. मग मी सांगितलं की यातली बाई वाचनाच्या वेळी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन मागे बसली होती, आणि तिला मराठी येतं. टाळ्या थांबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, पण जोकच आहे ना हो. मी वाण घेतलं आणि घरी आले. फार थकवा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारगंजात गेले. भाभी ओसरीवर उन्हात बसून हिरवे हरभरे सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं, मराठीत. त्यांनी हात थांबवला नाही. आमच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी मराठीत बोलल्या.

"सगळं खरंच तर लिहिलं होतं तू. मी जोरात बोलते. घी जास्ती टाकते. मला पण हसू येऊन राहिलं होतं." मग सोललेले दाणे ताटात टाकले. "बस एक बात लागली. पूर्ण कागदात मला घरमालकीण म्हटलं तू. किरायेदाराची जचकी घरमालकीण करते का, बोल?"

मी नाही म्हणाले. भाडेकरणीचं बाळंतपण कुठली घरमालकीण करते? त्यांनी अर्धे हरभरे माझ्यापुढे सरकवले आणि आम्ही दोघी सोलत बसलो. मला रडू येत होतं आणि भाभी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारत होत्या.

मिरजेच्या घरात आता आई नाही, बाबाही नाहीत. माझं बाळंतपण दुसऱ्या कुणी केलं हे आईला लागू नये म्हणून मी तिथे त्याबद्दल कधी नीट बोलले नाही. बोलायला हवं होतं. माहेर कुठे असं कुणी विचारलं, तर आता मी मल्हारगंज सांगते.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी तो लेख पुन्हा उघडला. एकही वाक्य गाळलं नाही. जिथे जिथे 'घरमालकीण' होतं तिथे 'आई' केलं, खाली माझं नाव घातलं आणि तुमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर पाठवला. वाचून बघा. न विचारता आत येते, नको म्हटलं तरी तूप वाढते, मोठ्याने बोलते. आता त्यात कुणी कुणाच्या मुलखाला हसत नाही. एक मुलगी आपल्या आईची तक्रार करते आहे, एवढंच.