सद्याची साडेसहाशे सीसी

दत्तूच्या गॅरेजात दोन गोष्टी साचतात. जुने टायर आणि किस्से. टायर निदान बंदरावरची माणसं होड्यांच्या अंगाला बांधायला घेऊन जातात. किस्से कोण नेणार? ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या पोटात पडून राहतात आणि चार माणसं भेटली की आपोआप बाहेर येतात. मी जन्मभर टेम्पो हाकला. अजूनही अधूनमधून हाकतो. बाकीचा वेळ दत्तूच्या बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला छळतो. चांगलं काम आहे, कोण रिटायर करत नाही!

यंदाचे सगळे किस्से एकट्या सद्याचे. सद्या आमच्या खालच्या वाडीतला, विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो. वय चाळिशीपलीकडे, उंची मात्र नववीतच थांबलेली. कैक वर्षं एकच शंभर सीसीची गाडी आणि तेवढीच वर्षं एकच स्वप्न. मोठी, पोटावर वाकून चालवायची ती स्पोर्ट बाईक घ्यायची आणि आंबा घाट एकट्यानं चढायचा.

मी विचारलं, "वर पोचून काय करणार?"

म्हणाला, "चहा पिणार तात्या, आणि परत उतरणार."

माणसाचं मागणं बघा. एक घाट आणि एक चहा!

*

ती शंभर सीसी म्हणजे गाडी नव्हती, गाढव होतं. तिच्यावरून गॅसचा सिलिंडर आला, पंप आले, एकदा तर शेरडू आलं. तक्रार म्हणून नाही. फक्त चढ आला की ती विचारात पडायची.

एकदा मागे बायको, बायकोच्या मांडीवर फणस, पुढे टाकीवर दुसरा फणस, अशी वरात निघाली. वाडीच्या चढाला गाडीनं मान टाकली. शुभा, म्हणजे सद्याची बायको, खाली उतरली, फणस कमरेवर घेतला आणि चालायला लागली. वर जाऊन पारावर बसली. मागनं सद्या पायांनी रेटत, धूर सोडत येतोय.

ती वरूनच ओरडली, "सावकाश येवा हो! मी तोपर्यंत जाऊन भात टाकते!"

त्या दिवशी सद्यानं गॅरेजात येऊन जाहीर केलं, "दत्तू, आता मोठी गाडी. बस्स."

दत्तू फार बोलत नाही. पान्याला तेल लावता लावता म्हणाला, "आधी फणस कमी आण."

*

मग सुरू झालं निवडणं. तुम्ही म्हणाल, त्यात काय? शोरूमला जायचं, बोट दाखवायचं. पण लहान गाडीवरनं एकदम मोठीवर जाणारा माणूस म्हणजे सासुरवाडीला पहिल्यांदा निघालेला जावई. प्रत्येक गोष्टीची भीती आणि चेहऱ्यावर रुबाब!

सद्या दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघायचा. विहिरीत उतरताना कानात तेच. एका बाईच्या विहिरीवर पंप दुरुस्त केला आणि तिला सांगून आला, "आता टॉर्क चांगला आहे." ती बिचारी घाबरली. मला गाठून विचारते, "तात्या, ते पाणी प्यायचं ना?"

मी म्हटलं, "उकळून प्या."

*

घरात परवानगी मिळायची होती. सद्यानं शुभाला फोटो दाखवला. तिनं मोबाईल आडवा धरला, उभा धरला.

"माझी जागा कुठं?"

सद्यानं मागच्या बाजूला वर चिकटलेला तो तळहाताएवढा तुकडा दाखवला.

"ह्याच्यावर मी बसायचं, की मला नैवेद्यासारखं ठेवायचं?"

सद्यानं विषय बदलला. म्हणाला, "अगो, शून्यापासनं शंभरला चार सेकंदांत जाते!"

"जाते कुठं पण चार सेकंदांत? समोरच्या काजूच्या झाडीत?"

दोन दिवस सद्या गॅरेजात आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो हसत. शुभानं हो म्हटलं होतं. अट एकच, पहिल्यांदा गाडी घेऊन एकट्यानं घाटातनं यायचं नाही. नीट सवय झाली की मग जा म्हणाली, तुझा चहा पिऊन ये.

बाईनं हो का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. पण तिनं म्हटलं!

*

आता दोन गाड्या उरल्या. एक लाल, एक निळी. सद्याला ठरवता येईना. शेवटी गेला ग्रामदेवीला कौल लावायला. आमच्याकडे लग्न, विहीर, घर, सगळं देवीला विचारून. मग साडेसहाशे सीसी का नको?

गुरवानं देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लाल, डावी पडली तर निळी. गाऱ्हाणं घातलं. "बाय, तुझं लेकरू गाडी घेतंय, काय असेल तो मार्ग दाखव!"

आम्ही हात जोडून उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाकळी हलेना. बाहेर गुरवाच्या म्हशी ओरडायला लागल्या, तरी पाकळी ढिम्म. सद्याच्या कपाळावर घाम.

मी हळूच म्हटलं, "गुरवानु, काय म्हणते बाय?"

गुरवानं पाकळ्यांकडे बघितलं. मग सद्याकडे वळून म्हणाला, "बाय विचारते, अ‍ॅव्हरेज किती देते?"

सद्यानं खाली मान घालून खरा आकडा सांगितला. आणि देवाशपथ सांगतो, दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या!

*

स्पोर्ट गाडीवर वाकून बसायची सवय हवी. सद्या मला विचारायला आला. माझ्यासारख्याला विचारायला आला म्हणजे बघा! मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "घरापुढच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, रोज अर्धा तास पालथं पडायचं. हात पुढं, पाय मागं, मान वर. पाठ तयार होते."

त्यानं ते केलं! रोज संध्याकाळी सद्या गडग्यावर पालथा. पोटाखाली उशी. तोंडानं गिअर बदलतोय.

त्याची आये अंगणातनं बघायची. म्हातारीचे गुडघे गेलेले, अंगणापलीकडे जाता येत नाही. चार दिवस तिनं गप्प बघितलं. पाचव्या दिवशी मला निरोप धाडला, "भावजी, एखादा चांगला जाणता बघून द्या. आमच्या सदूला कायतरी लागलंय."

*

कोल्हापूरला शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. सद्या, दत्तू आणि मी, माझ्या टेम्पोतनं. सेल्समन सुटाबुटातला. "सर, सध्या कोणती चालवता?"

सद्या म्हणाला, "शंभर सीसी."

तो पोरगा पाणी आणतो म्हणून गेला आणि मॅनेजरला घेऊन आला.

ट्रायल दिली, सेल्समनला मागे बसवून. सद्या बसला तर खरा, पण पाय जमिनीला पोचेनात. नुसते अंगठे टेकतात. सुटल्यावर प्रश्न नव्हता. मोठी गाडी चालायला लागली की हलकी होते म्हणतात. प्रश्न थांबण्याचा होता! पुढं चौक आला, मध्ये सर्कल. सद्याला पाय टेकायची भीती, म्हणून तो थांबलाच नाही. सर्कलला फेऱ्या घालत राहिला. आम्ही कडेला उभे राहून बघतोय. पहिल्या फेरीला सेल्समन हसत होता. मग त्यानं सद्याच्या कमरेला मिठी मारली. त्याच्यानंतरच्या फेरीला त्याचा आवाज आला, "सर, थांबलात तरी चालेल!"

आणि सद्याचा, "चालेल हो, पण थांबता येत नाय!"

शेवटी दत्तूनं धावत जाऊन हँडल धरलं. उतरल्यावर सद्याचे डोळे भरलेले. मला वाटलं, झालं, सुटलो. तर म्हणतो, "तात्या, हीच. लाल."

येताना चांभाराकडे बुटाला जाड तळवे लावून घेतले. तीन इंच. त्या दिवशी पहिल्यांदा सद्या माझ्या खांद्याला लागला.

*

शुभाला शब्द दिलेला, म्हणून गाडी आणायलाही माझाच टेम्पो. हौद्यात गाडी दोरांनी बांधली. सद्या केबिनमध्ये माझ्या शेजारी, मान वळवून मागच्या काचेतनं तिच्याकडे बघतोय.

आंबा घाटाचा माथा जवळ आला. वळणावळणाला गाडी जरा झुकायची, तसा सद्याही सीटवर झुकायचा. वर टपरी दिसली. म्हटलं, "थांबू? चहा?"

"नको," म्हणाला. "तो राहू दे."

एवढा मोठा घाट. गाडीही उतरली, सद्याही उतरला. पण दोघं वेगवेगळे!

मी काहीतरी चेष्टा करणार होतो. केली नाही. घाटात लक्ष ठेवावं लागतं.

*

गाडी दत्तूच्या गॅरेजात उतरवली आणि तिथून सद्या ती स्वतः चालवत वाडीवर घेऊन गेला. सावकाश, मागनं माझा टेम्पो, पुढनं पोरं. मे महिना, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, वाडी भरलेली. रस्त्यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

सद्याचं घर रस्त्याच्या खाली. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जायचं. गाडी वर रस्त्यालगत एका पडवीत ठेवायची ठरलेली. पण आये वर येऊ शकत नाही, आणि तिला ओवाळायचं होतं. म्हातारी खालनं हाक मारतेय, "सदू, मना दाखवशील की नाय रे?"

झालं! चाकरमान्यांना चेव आला. पुढून चौघं, मागून चौघं, दोर लावून दोनशे किलोची गाडी पाखाडीवरनं खाली अंगणात. आयेनं ओवाळलं. टाकीला कुंकू, आरशाला कुंकू. मग चाकावर हात ठेवून म्हणाली, "दोन दिवस राहू दे हो माझ्यापुढं."

ठेवली दोन दिवस.

दोन दिवसांनी सुट्ट्या संपल्या आणि चाकरमानी एसटीत बसून मुंबईला गेले. सगळे! वाडीत राहिली म्हातारी माणसं, शुभा, सद्या, दत्तू आणि मी. सद्यानं गाडी चालू करून पाखाडीला लावून बघितली. दुसऱ्याच पायरीला गाडीचं पोट अडकलं आणि खालचं प्लास्टिक तडकलं. मी आणि दत्तूनं मागनं रेटलं. माझी कंबर त्या दिवसापासून जी गेली ती गेलीच.

शुभा पायरीवर बसली होती. म्हणाली, "आता गणपतीला माणसं येतील तेव्हाच."

*

गणपतीला तीन महिने. मधे आख्खा पावसाळा.

पत्र्याखाली ठेवली, ताडपत्री घातली. सद्या कामावरनं आला की ताडपत्री काढायचा, फडक्यानं पुसायचा आणि जाड तळव्यांचे बूट घालून तिच्यावर बसायचा. बाहेर पाऊस, अंगणात चिखल आणि हा वाकून बसलेला, मीटरवर किलोमीटरचा आकडा अजून एकाच अंकाचा. मी एकदा विचारलं, "कुठवर पोचलास?"

"आत्ता साखरप्यात आहे," म्हणाला. "घाट लागेल आता."

श्रावणात एक दिवस बटण दाबलं तर काहीच आवाज आला नाही. दत्तू पाखाडी उतरून गेला, सीट उघडली, आत बघितलं आणि परत बंद केली. उंदरांनी आतल्या सगळ्या वायरी खाल्ल्या होत्या. वरून खारी हवा. चेन तांबूस, डिस्कवर खपल्या. दत्तूनं दुरुस्तीचा खर्च सांगितला, तो सद्याच्या हाताबाहेरचा होता.

आये म्हणाली, "माझ्यामुळं झालं रे."

सद्या म्हणाला, "गप गो. उंदीर तुझे हायत काय?"

*

गणपती आले, माणसं आली. कोल्हापूरचा एकजण सुट्या भागांसाठी गाडी घ्यायला तयार झाला होता. त्याचा ट्रक विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वर रस्त्यावर उभा. गाडी न्यायची कशी? दोन बांबू घेतले, गाडी आडवी टाकून सुंभानं घट्ट बांधली, आठ जणांनी खांदे दिले. पुढच्या बांबूला सद्या. लोकांनी बघू नये म्हणून शुभानं वरून पांढरी चादर घातली. टाकीतलं पेट्रोल मी एका डब्यात काढून घेतलं होतं. तो डबा दोरीला लटकवून मी सगळ्यांच्या पुढं.

पायऱ्यांवर शेवाळ. पाय घसरू नये म्हणून सगळे अनवाणी, कुणी बोलत नाही. बारीक पाऊस.

पाखाडीच्या मध्यावर काशीआजीचं घर. नव्वदीची असेल, डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पायांचे आवाज ऐकून दारात आली, आमच्याकडे बघत राहिली आणि हात जोडले.

"कोण गेलं रे?"

बांबूखालून सद्याच बोलला.

"आमच्यातलंच, आजी."

"अरे देवा! टेकवा रे जरा."

टेकवलं. माणसं दमलीच होती. आजी आत गेली, तुळशीपत्र आणि पळीभर पाणी घेऊन चाचपडत बाहेर आली. चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "तोंड कुठल्या बाजूला?"

सद्यानं तिचा हात धरला आणि हेडलाइटपाशी नेऊन ठेवला. आजीनं तिथं तुळशीपत्र ठेवलं, पाणी सोडलं.

"तरणा होता काय रे?"

"होय, आजी."

"वय काय होतं?"

सद्या म्हणाला, "नऊ किलोमीटर."